चित्रातला उघडा कान

कापसाच्या बोळ्याला तपकिरी रंग लागला आणि मी खूश झालो. डाग निघत होता.

मी कन्झर्वेटर होतो, म्हणजे जुन्या कागदांची डागडुजी करणारा माणूस. घर अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावात, नोकरी ट्रॅमच्या अंतरावरच्या एका म्युझियममध्ये. कोविडचा लॉकडाऊन होता. दारं बंद, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या राजकीय व्यंगचित्रांचं प्रदर्शन ऑनलाइन भरवायचं ठरलं होतं. विषय नागरी हक्कांचा. माझ्या टेबलावर आलेलं चित्र अमेरिकेतलं लिथोग्राफ होतं, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेलं. गुलामगिरी संपल्यावर एक काळा माणूस पहिल्यांदाच मत द्यायला आलाय आणि चित्रकार त्याची टिंगल करतोय. ढगळ कोट, नको तेवढी मोठी टोपी, खाली त्याच्या बोलण्याची नक्कल करणारी एक ओळ. चेहरा मात्र शाईच्या डागाखाली गेला होता. खालच्या ओळीवरही शाई होती.

आमची बॉस मार्लीस. तिचा सकाळीच फोन आला होता.

"सोमवारी फोटो काढायचाय. चेहरा दिसेल ना?"

"दिसेल. छपाईची शाई तेलकट असते, तिला पाण्याने काही होत नाही. वरची शाई लिहिण्याची आहे. ती सुटेल."

"छान. चेहराच नसेल तर लोक बघणार काय?"

आमच्या कामात एक नियम आहे. कागदाला पाणी लावण्याआधी दोघांनी तो बघायचा. पण लॉकडाऊनमध्ये एका खोलीत एकच माणूस चालायचा. माझा सहकारी योस्ट व्हिडिओवरून बघणार होता, पण त्याच्या दोन्ही मुलांची शाळा त्याच लॅपटॉपवर सुरू होती. मी म्हटलं, कोपऱ्यात जरा करून बघू. कोपरा म्हणजे चित्रातल्या माणसाचा कान. तो झकास उघडा झाला.

मग नियमाची आठवण झाली. दुसरं माणूस हवं, एवढंच ना? मी बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

"डबा विसरलात का हो?" सुनंदाने विचारलं.

"नाही. हा डाग बघ जरा."

"घरी शर्टाचे डाग माझ्याकडे असतात, आता ऑफिसचेही मीच बघू का? कुणी केलाय?"

"दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी शाई सांडली असेल."

ती स्क्रीनजवळ सरकली. "जरा जवळ न्या. सांडली म्हणता? तुमच्या अंगावर आमटी सांडते, ती कधी कॉलरपाशी येऊन थांबलीय का?"

मी बघितलं. शाई कॉलरपाशी थांबली होती. टोपीवर थेंब नाही. शेजारी उभे असलेले गोरे लोक स्वच्छ.

"आणि खालची ओळ तर सरळ रेघ मारून खोडलीय. अहो, कुणालातरी हे बघवलं नाही. त्याने ती टवाळी बंद केलीय. आणि तुम्ही ती परत चालू करताय."

मी भिंग घेतलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत कुंचल्याचे फटके ओळीने दिसत होते. इतके दिवस मला ते दिसले नव्हते, कारण मी डाग बघत होतो. कुणी फासली, ठाऊक नाही. नाव नाही, गाव नाही. त्या माणसाची एवढीच खूण जगात उरली होती, आणि मी ती सोमवारच्या आत धुवून टाकणार होतो.

मार्लीसला व्हिडिओ कॉल करून चित्र दाखवलं आणि शाई तशीच ठेवू म्हटलं. ती वैतागली. "म्हणजे लोकांना डाग दाखवायचा?"

"तो डाग नाही, उत्तर आहे."

"हे तुझ्या लक्षात कसं आलं?"

"काम करता करता."

"आणि हा कान?"

"जुनी शाई कुठे कुठे उडते," मी म्हणालो.

प्रदर्शनात लोक त्याच चित्रापाशी सगळ्यात जास्त थांबले. खाली लिहिलं होतं, शाई काळाच्या ओघात काही ठिकाणी उडाली आहे. पुढे मी निवृत्त झालो, तो निरोपसमारंभही व्हिडिओवरच झाला. मार्लीसने माझ्या नजरेचं कौतुक केलं. कॅमेऱ्याच्या बाहेर सुनंदा मटार सोलत होती. "नजर म्हणे," ती पुटपुटली. नशिबाने तिकडे कुणाला मराठी येत नव्हतं.

चित्राखालचं ते वाक्य आणि सुनंदाचं पुटपुटणं, दोन्ही मला पुढे टोचत राहिली. शेवटी मार्लीसला भेटून सगळं सांगितलं. डच माणसं सांत्वन वगैरे करत बसत नाहीत. तिने एवढंच विचारलं, "दोघांनी बघायचा नियम?"

"पाळला. पाणी लावल्यावर."

आता चित्राखालचा मजकूर बदलला आहे. शाई मुद्दाम फासलेली आहे, हे आमच्या कन्झर्वेटरच्या पत्नीने ओळखलं. कानावरची शाई आमच्या कन्झर्वेटरने पुसली. काळाला त्यातून वगळलं आहे.

अनुभवाने सांगतो, दुसऱ्या माणसाला विचारायचं ते बोळा कोरडा असताना. सुनंदाचं म्हणणं, हे ती लग्नापासून सांगतेय.