निकालाच्या दिवशीचा सदरा

आज नगराध्यक्षपदाची मतमोजणी. सकाळी आबा, माझे वडील, दाराशी चपला घालताना दिसले आणि मी थबकलो. अंगात इस्त्रीचा नवा सदरा होता. मोजणीला जाताना ते नेहमी जुनाच सदरा घालतात, कारण गुलाल धुऊन जात नाही. आपल्या पक्षापायी त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं.

"आबा, नवा सदरा? गुलालानं खराब होईल की."

"नाही व्हायचा," ते खाली बघत म्हणाले आणि निघाले.

माणूस आशा सोडतो तो असा, कुणाला न सांगता, कपाटासमोर उभा राहून.

आत पलंगावर जुना सदरा पडला होता. कॉलरवर मागच्या विजयाचा फिकट गुलाल. उचलला तर कोमट लागला. आधी तोच घातला होता त्यांनी.