पाट्यांच्या आक्का

"गाडी सपाटीवर लावा आन् बाजूला व्हा," असं म्हणून आक्का ट्रकच्या मागं जाऊन उकिडव्या बसायच्या. एक डोळा मिटायच्या. मग टायर आणि हौदा यांच्यामधल्या जागेत हात घालून वितीनं मोजायच्या. उजवीकडं दीड वीत. डावीकडं दीड वितीला चार बोटं कमी.

"डावा पाटा बसलाय," ड्रायव्हर सांगायचा.

"बसलाय ते आंधळ्याला बी दिसतंय. का बसलाय ते सांगा."

"मला तर न्हाय दिसलं," भात्याजवळून दाजींचा आवाज यायचा, आणि नवरा-बायको दोघंही हसायचे. दाजींची नजर भट्टीच्या जाळानं जवळजवळ गेली होती.

निजामी जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी सोलापूरच्या एका व्यापाऱ्याचा ट्रक चालवत होतो. हैदराबादच्या सडकेवर, जळकोटला, लिंबाच्या झाडाखाली यांची भट्टी होती. ज्यांनी ट्रकखाली कधी डोकावून पाहिलंय त्यांना ठाऊक असेल, चाकांच्या वर एकावर एक रचलेले, धनुष्यासारखे वाकलेले लोखंडी पाटे असतात. सगळा भार ते पेलतात. त्यांचा बाक गेला की गाडी त्या अंगाला बसते.

हे काम आधी दाजी करायचे. आक्का समोर उभ्या राहून घण मारायच्या. वीस वर्षं मारला. दाजींना तापल्या लोखंडाचा रंग ओळखू येईना, तेव्हा एका सकाळी आक्कांनी त्यांच्या हातातली सांडशी काढून घेतली आणि भात्याची दोरी दिली. धाकटा दीर घणाला उभा राहिला. त्यावर कुणी काही बोललं नाही म्हणतात.

सडक मात्र बोलली. "बाई पाटा करती म्हणं!" ड्रायव्हर हसत हसत पुढं उमरग्याला जायचे. मग एकाचा पाटा ऐन जळकोटात तुटला. बिचाऱ्याला इलाजच नव्हता. आक्कांनी केलेला तो पाटा वर्षभर टिकला, आणि मग हसणारेच रांगेत येऊन उभे राहिले.

तापल्या पाट्याला त्या पाणी लागू देत नसत. तेलातच बुडवायच्या. "पाण्यात घातला का काच व्हतो," म्हणायच्या. घाई करणाऱ्या ड्रायव्हरला एकच उत्तर असे: "तुमी पळवा गाडी. लोखंडाला पळवू नका."

त्यांच्याशी माझी खरी ओळख झाली ती माझ्यावर बालंट आलं तेव्हा.

दिवाळीत मी तो ट्रक धरला. शिमग्यापर्यंत मागचा डावा पाटा तीनदा बसला. दोनदा सोलापुरात नवे पाटे घातले, एकदा जुन्यांना बाक दिला. महिना जात नव्हता, की गाडी पुन्हा डावीकडं कललेली. मालकांनी भर बाजारात, हमालांच्या देखत मला विचारलं, "डाव्या अंगाला चोरून कुणाचा माल भरतोस रे?" मी शपथ घेतली. ते म्हणाले, "पुन्हा पाटा बसला, तर किल्ली ठेव आणि घरी जा."

आठव्या दिवशी पाटा पुन्हा बसला. मी रिकामी गाडी घेऊन जळकोटला गेलो.

आक्कांनी वीत घातली. डावी बाजू चार बोटं खाली. मग मागचे दोन्हीकडचे पाटे उतरवले, जमिनीवर ठेवून खडूनं त्यांच्या बाकाच्या रेघा ओढल्या. डावा थोडासाच उतरला होता. चार बोटांइतका तर मुळीच नाही. त्यांनी डावा उजवीकडं घातला, उजवा डावीकडं. गाडी खाली सोडली.

गाडी तरीही डावीकडंच कलली.

"बगा," आक्का म्हणाल्या, "पाट्याचा दोष असता, तर आता उजवीकडं कलली असती. ह्या गरिबाला उगंच तीनदा शिक्षा झाली."

मग त्यांनी जे केलं ते मी तोवर कुणाला करताना पाहिलं नव्हतं. पुढच्या दोन चाकांच्या बरोबर मधोमध जॅक लावला आणि गाडीचं तोंड जरा उचलायला लावलं. स्वतः मागं जाऊन पुन्हा वीत घातली. उजवीकडं दीड. डावीकडंही दीड.

"दुखणं पुढं हाय," त्या म्हणाल्या. "आन् तुमी मागं औषध लावताय."

पुढच्या डाव्या पाट्यांवर चिखलाची साल चढली होती. ती खरवडली, बोल्ट सोडले. बरोबर मधोमध, जिथं बोल्टाच्या पट्टीखाली काही दिसत नाही, तिथं तिसरा पाटा मोडलेला होता. पुढचा पेलत नव्हता म्हणून मागच्यावर भार येत होता. आक्कांनी मोडल्या जागेवरून अंगठा फिरवला. अंगठा तांबडा झाला.

"तुमी गाडी कवा धरली?"

"दिवाळीत."

"हा त्याच्या लई आदी मोडलाय. गंज बगा किती खोल गेलाय."

मी तिथंच मातीत बसलो. म्हटलं, "आक्का, लवकर जोडा. उद्या माल भरायचाय."

"मालक आल्याबिगर जोडायचं न्हाय."

"ते चिडतील."

"चिडू द्या. पाटा म्या नीट करीन. तुमच्या नावाला जे लागलंय ते कोण काढणार?"

सोलापूरकडं जाणाऱ्या एका ड्रायव्हरजवळ मी निरोप दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मालक बसमधून उतरले, कपाळाला आठ्या घालूनच. सरळ दाजींपुढं जाऊन उभे राहिले. "काय मिस्त्री, काय झालंय गाडीला?"

दाजींनी आवाजाच्या अंदाजानं मान वळवली. "मिस्त्री ती तिकडं. म्या भाता मारतो."

ते ज्या थाटात म्हणाले ना, तसा थाट मी पुढं मोठमोठ्या माणसांतही पाहिला नाही.

आक्कांनी मोडका पाटा मालकांच्या हातात दिला. खडूच्या रेघा दाखवल्या, जॅक लावून वीत घालून दाखवली. मालक व्यापारी असले तरी अडाणी नव्हते. सगळं समजलं. पाटा खाली ठेवून म्हणाले, "बरं, जोडून टाका आता."

आक्का जागच्या हलल्या नाहीत. "मालक, बाजारात चार माणसांत बोलला व्हता म्हणं ह्या भावाला. हितं बी चार माणसं हायती."

चहाच्या टपरीवरचे ड्रायव्हर उठून जवळ आले होते. मालकांनी उपरण्यानं मान पुसली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "चुकलं माझं. तुझा दोष नव्हता."

"अवो, भाता मारा," आक्का लगेच म्हणाल्या.

तो ट्रक मी पुढं सहा वर्षं चालवला. मालकांच्या बाकीच्या गाड्याही जळकोटला येऊ लागल्या. यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं, पण सडकेवर कुणी आक्कांचं नाव काढलं की माझीच छाती फुगायची.

नंतर आक्कांचा खांदा धरला. दीर आणि पुतण्या काम करू लागले. त्या बाजेवर बसून नुसतं बघायच्या. एका सकाळी मी थांबलो असताना एक भरलेला ट्रक सोलापूरच्या दिशेनं भरधाव गेला. आक्का बोलता बोलता थांबल्या. कान त्या आवाजाकडं.

"त्येचा उजवा मागचा. गाठा त्येला. नळदुर्गाच्या उतारावर जायच्या आत."

मी गाडी काढली. हॉर्न वाजवून वाजवून उताराच्या अलीकडं त्याला थांबवलं. तो शिव्याच देत खाली उतरला. दोघं मिळून ट्रकखाली शिरलो. उजव्या मागच्या जुडीत दोन पाटे तुटले होते, तिसरा चिरला होता. त्या माणसानं ट्रकखालीच पडल्या पडल्या हात जोडले, मला. मी म्हटलं, "मला नको. मागं जळकोटला जाऊन जोड."

मला माल घेऊन मुंबईला जायचं होतं. परत यायला बारा दिवस लागले. आक्कांना कधी एकदा सांगतो असं झालं होतं.

लिंबाखाली बाज नव्हती. दाजी एकटेच भात्याजवळ बसले होते, भट्टी थंड होती. मी गाडीतून उतरलो. माझ्या गाडीचा आवाज त्यांनी ओळखला असावा.

"पाच दिस झालं," ते म्हणाले. "ताप आला आन् गेली."

मी म्हटलं, "दाजी, त्या गाडीचा..."

"उजवाच व्हता. मालूम हाय." त्यांनी भावाला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. "ती बोलली व्हती, तो येईल सांगायला. त्येला च्या पाजल्याबिगर सोडू नका."