परसवाड्याकडच्या मोहाखाली लागलेली आग

मंडळी, इतक्या उशिरा लिहितो आहे, माफ करा. परतल्यावर लगेच बसलो होतो, पण रागाने हात चालेना. शिकलो सातवीपर्यंत, डोके शांत नसले की वाक्य जुळत नाही. आताही पुरते शांत नाही.

मार्चमध्ये बहीण शांताकडे निघालो. तिचे शेत राज्याच्या सीमेपलीकडे, परसवाड्याजवळ, जंगलाला लागून. तुमसरहून कटंगीची बस, पुढे बालाघाट, तिथून परसवाडा. भाडे जड नाही, पण सुटे पैसे आणि पाणी जवळ ठेवा. दर थांब्यावर मला पुढची बस चुकायची धास्ती. चुकली नाही.

शांताने चिन्नोर तांदळाचा भात, टमाटरची चटणी वाढली आणि मला शेताच्या बांधावर, धुऱ्यावर नेले. तिथला जुना मोह एका अंगाने वाळला आहे. शेजारी त्याचेच गुडघाभर रोप.

"एवढंच वाचलं, दादा."

बाकीची जळतात. फुले वेचायला जमीन मोकळी हवी, म्हणून सगळेच झाडाखालचा पाला पेटवतात.

"यंदा पेटवू नको," मी म्हणालो.

"मग फुलं का पाल्यात हुडकू? तुले सांगाले का जाते!"

मी पिशवीतली दोन धोतरे काढून झाडाखाली खुंट्यांना ताणून बांधली. सकाळी त्यांवर फुलांचा सडा!

"वहिनीले सांगू का, धोतराचं का केलं तं?" शांता हसत सुटली.

दुपारी शेजारच्या शेतवाल्याने आपल्या मोहाखाली काडी लावली. पूर्वी या दिवसांत जमिनीत ओल असे, आग तिथेच विझे, होरपळलेले रोप मुळातून पुन्हा फुटे. आता होळीआधीच गवत करकरीत. आग धुरा ओलांडून आली. आम्ही घागरी ओतल्या, तोवर रोपाची पाने गेली, खोड काळे पडले.

मी ओरडलो. तो म्हणाला, "काकाजी, हर साल जलाते हैं. कुछ नहीं होता."

कुछ नहीं होता! ऊन बदलले, हवा बदलली, आपली काडी मात्र तीच? कोवळ्या रोपाने हे ऊनही सोसायचे आणि आपला आळसही?

"मुळी जिती असन," शांता हळूच म्हणाली.

घरी आलो, पण जीव त्या काळ्या खोडाशी अडकला आहे. आता पहिला पाऊस पडून गेला. शांता फोनवर "पाह्यतो" म्हणते आणि गाईचे सांगत बसते. तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल तर पत्ता मी सांगतो. कोंब आला का, एवढे पाहा. नसेल आला तर याच पावसात मला बी रोवायला जायचे आहे; मोहाचे बी फार दिवस टिकत नाही. काय असेल ते लवकर कळवा.