हद्दीची पाटी

कणकवलीच्या लवू वकिलाचं तोंड म्हणजे फटाक्यांची माळ. अशील दारात दिसलं की हा आधी ओरडणार, मग बसायला सांगणार, मग चहा मागवणार. खारेपाटणची जोहरा आली की मात्र ओरडून झाल्यावर खुर्ची स्वतःच्या हाताने पुसून द्यायचा. चौदा वर्षं तिची फाईल त्याच्याकडे होती. एवढ्या वर्षांत माणूस परकं राहतं होय?

जोहराचा जन्म कराचीतला. पण घर कोकणी, बोलणं कोकणी, म्हणून आजोळच्या गावी समदशी लग्न होऊन आली. नवरा भारतीय, मुलगी शाझिया भारतीय, आणि ही तेवढी व्हिसावर! सारखी मुदतवाढ, पोलिसांत हजेरी, आणि राहण्या-फिरण्याचा परवाना फक्त सिंधुदुर्ग जिल्ह्यापुरता. त्यात खारेपाटण जिल्ह्याच्या अगदी टोकाला. थोडं पुढे गेलं की हद्दीची पाटी, पलीकडे रत्नागिरी जिल्हा. आणि शाझियाला दिली ती नेमकी पलीकडे, राजापुरात. तासाभराची वाट, पण दर वेळी आधी अर्ज, मग परवानगी, मग लेकीचं तोंड.

नागरिकत्वाचा अर्ज लवूनेच भरला. भरताना तिला दम दिला, "हातात कागद नसताना त्या पाटीच्या पलीकडे पाय टाकलंस तर बघ! माझ्याकडे परत येव नको." तिने तो दम देवाच्या आज्ञेसारखा पाळला.

शाझियाच्या बाळंतपणासाठी परवानगी काढून ठेवली होती, ती पुढच्या पंधरवड्याची. बाळाला घाई झाली. भल्या सकाळी जोहराचा फोन आला. "वकीलभाऊ, शाझियाक दवाखान्यात नेल्यानी. माका धीर धरवना नाय. जाव?"

लवू म्हणाला, "नको गो. फाईल शेवटच्या टेबलार आसा. आज तशीच गेलंस तर चौदा वर्षां पाण्यात."

फोन ठेवला आणि नवीन अर्ज घेऊन हा ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत धावला. साहेबांपुढे शुद्ध मराठीत हात जोडले, टेबलं पालथी घातली. परवानगी मिळाली तिसऱ्या दिवशी. तोवर नात जन्मून, आईच्या कुशीत दोन दिवस झोपून झाली होती. सगळं सुखरूप होतं, पण लेकीने कळा देताना आईला हाक मारली आणि आई नव्हती, हे कोण भरून देणार?

पुढच्या आठवड्यात जोहरा सांदणांचा डबा घेऊन ऑफिसात आली. डबा टेबलावर ठेवला आणि पुढच्या हजेरीची तारीख विचारली. चार शिव्या घातल्या असत्या तर लवूला बरं वाटलं असतं. त्या दिवशी तो कुणावरच ओरडला नाही.

यंदा तिला नागरिकत्व मिळालं. ओरोसला शपथ घेताना तिचा आवाज खणखणीत, आणि मागे उभा हा धटिंगण वकील रुमालात नाक शिंकरत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन वाजला.

"वकीलभाऊ, राजापुराक निघालंय. रिक्षा पाटीकडे थांबवलंय." मग हळूच, "जाव?"

"अगो बाय माझे, आता माका कित्याक इचारतंस!" लवू ओरडला. "जा. नात वाट बघता."

रिक्षा सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत त्याने फोन कानावरून काढला नाही.