दोनदा पुसलेला प्याला

प्रौढ साक्षरता वर्गात माझ्या शेजारी एक शिंपीणबाई बसत. मुळाक्षरे आम्ही एकाच पुस्तकावरून गिरवली. पुढील हकिकत त्यांनी वर्ग सुटल्यावर जिन्यात बसून मला स्वतः सांगितली.

आठवडाभर त्या मशीनवर शर्टांना कॉलर लावीत. रविवारी मात्र चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षारसाचा प्याला धरण्याची सेवा त्यांच्याकडे असे. सगळी मंडळी रांगेने येऊन एकाच प्याल्यातून एकेक घोट घेत. प्रत्येकानंतर प्याल्याची कड पांढऱ्या रुमालाने पुसायची आणि तो पुढच्याच्या ओठांशी न्यायचा, एवढेच काम. प्रभूपुढे मालक आणि मजूर सारखेच, हे त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोठ्या अभिमानाने ऐकवीत.

एका रविवारी घरी येताच नणंदेने चपला काढता काढता विचारले, "वहिनी, भंगारवाल्यानंतर प्याला दोनदा का पुसतेस गं?"

"काहीतरीच तुझं. सगळ्यांनंतर एकदाच पुसते."

"कारखान्याच्या मालकीणबाईंनंतर एकदा, तेही फुलावरची धूळ झटकावी तसं. भंगारवाल्यानंतर मात्र तव्यासारखा घासून. तिसऱ्या बाकावर बसते मी, आंधळी नाही."

शिंपीणबाईंचे चित्त आठवडाभर थाऱ्यावर नव्हते. कॉलर उलट्या लागल्या, तीन सुया मोडल्या. पुढच्या रविवारी त्या मनाशी घोकतच उभ्या राहिल्या: एकदा, प्रत्येकानंतर एकदाच. मालकीणबाई झाल्या, शाळामास्तर झाले. भंगारवाले आले, प्यायले, आणि बाईंचा हात आपसूक दुसऱ्यांदा फिरला. भंगारवाल्यांनी ते पाहिले व मान खाली घालून ते जागेवर गेले.

सोमवारी बाईंनी मशीनवर झाकण घातले आणि भंगाराचे आवार गाठले. भंगारवाले पत्रे रचत होते.

"मी तुमच्यानंतर प्याला दोनदा पुसते," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या.

"ठाऊक आहे बाई. नऊ वर्षं झाली. मला वाटायचं, माझ्या मिशा मोठ्या म्हणून. मिशा काढल्या. तरी दोनदाच."

बाईंना हसावे की रडावे कळेना. त्या घाईघाईने म्हणाल्या, "येत्या रविवारी तुम्ही रांगेत शेवटी या. तुमच्यानंतर मी पिईन, न पुसता."

"म्हणजे मी पुन्हा सगळ्यांच्या मागेच का?" त्यांनी पुढचा पत्रा उचलला.

बाई फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला पत्र्यांच्या ढिगापाशी थांबून त्यांनी विनंती केली.

"मग रविवारी प्याला तुम्हीच धरा. चर्चच्या पाळकांना मी विचारते. रांगेत शेवटी मी उभी राहीन. माझ्याआधी तुम्ही घोट घ्या, आणि माझ्यासाठी प्याला पुसू नका."