बाळंतिणीच्या खोलीतली डबल बेल

आचऱ्याच्या दत्ताराम कंडक्टरांच्या घरी पाहुणा बसतो तोही अर्धवट उठल्यासारखा. कधी 'पुढे सरका' म्हणतील, नेम नाही. एकतीस वर्षं मालवण-आचरा गाडीवर काढून माणूस निवृत्त झाला, आणि डेपोत टाकता आली नाही ती सगळी हुकमत घरी घेऊन आला. जेवताना ताटावर बोट एकदा वाजलं की बायकोने, यशोदाबाईंनी, वाढायचं थांबवायचं, दोनदा वाजलं की आमटी पुढे चालू. जगातल्या यच्चयावत गोष्टी या दोन खुणांत बसतात, असं त्यांचं ठाम मत. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. बाकीचं सगळं शिकलेल्यांनी पगार घेण्यासाठी वाढवून ठेवलेलं.

त्यांची लेक किशोरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. अंघोळ-शेकाला नर्मदाकाकू येऊ लागल्या. अर्ध्या आचऱ्याला न्हाऊ घातलेली बाई. त्यांची पद्धत ठरलेली: खोलीचं दार ओढायचं, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, खाटेखाली करवंटीच्या कोळशांची शेगडी सारायची आणि वर ओवा-बाळंतशोपांची धुरी. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, मग हवा नाही मिळाली तरी चालेल.

जावई देवेश मस्कतला. तिथे त्याच्या खोलीशेजारचे दोघे बंद खोलीत कोळसे पेटवून झोपले, ते सकाळी उठलेच नाहीत. तेव्हापासून त्याने शेगडीची धास्ती घेतलेली. त्याने फोनवर गरम पाण्याच्या पिशवीचा विषय काढून पाहिला. नर्मदाकाकू इतक्या हसल्या की बाळ दचकलं. मग त्याने सुट्टीवर निघालेल्या, कट्टा गावच्या मित्राबरोबर एक पांढरी डबी पाठवली, तळहाताएवढी. कोळशातून निघणारा विषारी गॅस ती ओळखते म्हणे. त्या गॅसला वास नाही, रंग नाही.

"वास नाय, रंग नाय," दत्ताराम म्हणाले, "मग तो आसा ह्या सांगल्यान कोणी?"

देवेशने फोनवर नीट समजावलं. मिनिटाला एकच टिट वाजलं तर सेल संपत आलाय, घाबरायचं नाही. चार टिट, मध्ये थांबा, परत चार, असं वाजलं तर बाळ उचलून बाहेर पळायचं. दत्ताराम फोन मानेत धरून भिंतीत खिळा ठोकत होते आणि दर ठोक्याला 'होय, होय' म्हणत होते. खिळा बसला. बाकी काही बसलं नाही.

तिसऱ्या दिवशी डबी एकदाच वाजली. मिनिटाने परत एकदा. दत्ताराम पानाचा तोबरा थुंकून उठले. सिंगल बेल! त्यांनी शेगडीवर तांब्याभर पाणी ओतलं, सिलिंडर बंद केला, भात अर्धा कच्चा राहिला, शेजारच्या शेवंतीबाईंची चूलही विझवून आले. बाळ-बाळंतीण दोन तास पडवीत खुर्चीवर. शेवटी तिठ्यावरचा वायरमन ओंकार आला, त्याने सेल बदलला आणि काही न बोलता गेला; हसू त्याने बहुधा गेटापर्यंत दाबून धरलं असावं. दत्तारामांना मात्र डबीबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. यंत्र आपल्याच खात्यातलं निघालं, असं ते दोन दिवस सांगत होते.

दहाव्या दिवशी सकाळी वारा-पाऊस झोडपत होता. नर्मदाकाकूंनी खिडकीत चिंध्यांच्या जोडीला गोधडीही कोंबली. शेगडी नेहमीपेक्षा भरून लावली. अर्ध्या तासाने डबी कडकडून वाजू लागली. चार टिट. थांबा. चार टिट.

पडवीत सुपारी कातरत बसलेल्या दत्तारामांनी कान दिला आणि मान डोलावली. "दोनदा डबल बेल. चलांदे."

यंत्राला एकदाची अक्कल आली म्हणून नर्मदाकाकूंनी आणखी चार कोळसे घातले. किशोरी म्हणाली, डोकं फुटतंय, मळमळतंय. त्यावर निदान तयार होतं: त्या दिवशी पडवीत बसवली, तेव्हा वारा शिरला. उपाय, जास्त शेक. बाळ दूध ओढेना. दृष्ट लागली. उपाय, मीठ-मिरच्या त्याच शेगडीत. डबी जीव तोडून ओरडत होती आणि सगळं घर तिच्या तालावर कोळसे घालत होतं.

तेवढ्यात देवेशचा फोन आला. बायकोची जीभ जड झालेली त्याला पहिल्या वाक्यात कळलं. मागे वाजतंय ते मोज, म्हणाला.

"चार," किशोरी म्हणाली. "मगे थांबता. परत चार."

बाळाक घे आणि भायर हो, तो ओरडला. ती उठली, आणि गुडघे गेले तशी खाटेच्या कडेला बसली. फोनमधून तो सासूच्या नावाने हाका मारू लागला. यशोदाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, तर दारात दत्ताराम. गाडीच्या दारात धरतात तसा हात आडवा.

"खंय चल्लस? वाऱ्यात काढू नको तेंका. डबल बेल आसा."

"बाजूक सरा," यशोदाबाई म्हणाल्या. "माझा चेडू पडताहा."

आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला ढकललं. एका हातात बाळ, दुसऱ्याने लेकीला ओढत पडवीत आणलं. पावसाचे शिंतोडे बाळाच्या तोंडावर उडत होते. ते रडत नव्हतं. नर्मदाकाकू खांबाला धरून उभ्या राहिल्या. दत्ताराम नुसतेच उभे. मग बाळाने तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला की शेवंतीबाई कुंपणापलीकडून आल्या.

दवाखान्यात दोघांना प्राणवायू लावला. डॉक्टरांनी सांगितलं, दोघंही बरी होतील. आणखी अर्धा तास गेला असता तर दोघंही हाती लागली नसती, असंही म्हणाले. त्यांनी नर्मदाकाकूंनाही तपासलं. तीस वर्षं शेकाच्या घरून परतताना आपलं डोकं ठणकतं, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. या धंद्यात ते असायचंच, अशी त्यांची समजूत होती.

बारसं महिन्याने झालं. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती, शेक गरम पाण्याच्या पिशवीचा. पडवीत पंगत बसली आणि दत्ताराम रंगात आले. डबी वाजली, त्यांनी सुपारी खाली ठेवली, क्षणात ओळखलं, आणि माणसं बाहेर—

"बाबा," आतून किशोरी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी पंगतीतले हात ताटावर थांबले. "आमका भायर कोणी काढल्यान?"

दत्ताराम पाणी प्यायले. पंगतीकडे पाहिलं. कोणीही पुढे सरकत नव्हतं.

"हिच्या आवशीन," ते म्हणाले. "मी दारात हात आडवो धरून उभो होतंय."

यशोदाबाई खीर वाढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आणि तो हात किती जड होतो," त्या म्हणाल्या, "ता माका विचारा."