गिरणीचा चार्ज

माझे बाबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले ते एका शनिवारी, आणि सोमवारी सकाळी सात वाजता मुलुंडच्या आमच्या पिठाच्या गिरणीत कडक इस्त्रीच्या कपड्यांत उभे होते. पाचव्या मिनिटाला मिशीपासून बुटापर्यंत पांढरे झाले, पण मागे हटले नाहीत. गिरणी आजोबांची. ते गेल्यावर सतरा वर्षं आईने ती एकटीने चालवली, कारण बाबा कायम कुठल्या ना कुठल्या सीमेवर. त्या सोमवारी बाबा तिला म्हणाले, "आता तू आराम कर." आईने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि ती घरी आली. एवढाच समारंभ.

मला तेव्हाच राग आला होता. आईला आराम कशाशी खातात तेच माहीत नव्हतं. ती घरी बसून तांदूळ निवडायची आणि निवडलेले पुन्हा निवडायची. गिरणीचा आवाज घरापर्यंत यायचा. पट्टा जरा कुरकुरला की तिची मान वर व्हायची. पण 'माझी गिरणी मला परत द्या' असं म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि न सांगता ओळखणं बाबांच्या.

बाबांनी गिरणीची पलटण केली. आलेले डबे ते उंचीप्रमाणे लावायचे. "लंबा दाहिने, छोटा बाएँ!" अशी ऑर्डर स्वतःच द्यायचे आणि स्वतःच पाळायचे, कारण डबे काही हलत नव्हते. सगळी झाकणं घट्ट, सगळ्या कड्या पुढे. पोचा आलेला डबा दिसला की त्याच्या मालकिणीला बाजूला घेऊन समज द्यायचे. पीठ न्यायला येणाऱ्याने त्या दिवसाचा परवलीचा शब्द सांगायचा, असाही नियम निघाला. मागच्या इमारतीतल्या गुजराती काकी ओळीने तीन दिवस शब्द विसरल्या आणि तीन दिवस त्यांच्याकडे नुसता भात झाला. काका चौथ्या दिवशी स्वतः आले आणि शब्द तळहातावर लिहून घेऊन गेले.

बाबांची एक आवडती गोष्ट होती. कुठल्याशा छावणीत तंबूंच्या भांडाराचा चार्ज घेताना त्यांनी तीन दिवस खुंट्या मोजल्या होत्या. "चार्ज घेताना जुन्या माणसाला सोडायचं नाही," ते सांगायचे. "त्याने एकेक वस्तू दाखवायची, आपण बघायची, मग सही. सही होईपर्यंत तो ड्युटीवरच." ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. आईने त्याहून जास्त.

आईच्या काळात डबे जागा मिळेल तिथे पडलेले असायचे. बाबांना तो गबाळेपणा वाटला. पण दळायचा क्रम आईच्या डोक्यात पक्का होता. सकाळी दगड झाडून पुसून आधी उपासाचं दळण, मग तांदूळ, मग गहू, आणि ज्वारी-बाजरी शेवटी. कारण आधीच्या दळणाचं थोडं पीठ गिरणीत राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. बाबांनी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

मग एकादशी आली. आदल्या दिवशी निम्म्या गल्लीची उपासाची भाजणी दळायला. ती नेहमी छोट्या डब्यांतून येते, त्यामुळे सगळी रांगेच्या डाव्या टोकाला गेली, आणि तिच्या अगदी अलीकडे मध्यम बांध्याचे चार डबे बाजरीचे. बाबांनी उजवीकडून सुरुवात केली आणि शिस्तीत सगळं दळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याच इमारतीतल्या एक आजी तिसरं थालीपीठ खाताना मध्येच थांबल्या. उभ्या जन्मात त्यांनी एकादशी मोडली नव्हती. सुनेला म्हणाल्या, "आज हे चांगलं का लागतंय गं?" तिथून फुटलं. सोसायटीच्या ग्रुपवर वाद पेटला. नकळत खाल्लेलं धरायचं नाही, असं एका गटाचं म्हणणं पडलं. देवाला सगळं कळतं, असं दुसऱ्या गटाचं. तिसऱ्या मजल्यावरचे काका 'मोडलाच आहे तर' म्हणून संध्याकाळी बोंबील घेऊन आले.

बाबांनी रीतसर चौकशी लावली. गिरणीत टेबल मांडलं, रजिस्टर उघडलं, मला कारकून केलं. आजींची साक्ष झाली. त्यांनी साक्षीत सुनेबद्दलही बरंच सांगितलं, ते मी लिहून घेतलं नाही. शेवटी आईला बोलावलं. बाबा म्हणाले, "जे असेल ते स्पष्ट सांग."

आई एरवी घरात आमच्याशी मुंबईचंच बोलते. मालवणी बाहेर आली की समजायचं, आता खैर नाही. ती म्हणाली, "तीन दिस खुंट्ये मोजलात. माझी गिरण घेताना माका एक तरी गोष्ट इचारलात?"

बाबांनी रजिस्टर मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लेझर घालून, छातीला पदकं लावून ते गिरणीत हजर. आईसाठी खुर्ची टाकली होती. रजिस्टरात यादी होती: गिरणी एक, जादा पट्टा एक, दगडाला टाकी लावायची छिन्नी एक, चाळण्या दोन, पीठ झाडायचा ब्रश एक. "चार्ज देतोय," ते म्हणाले. आईने पदर खोचला आणि चांगले तीन तास घेतले. छिन्नीची धार बघितली, चाळण्या उजेडात धरल्या. बाबा तेवढा वेळ सावधानमध्ये उभे. शेवटी ब्रश काही सापडेना.

"मग सही कशी करू?" आई म्हणाली.

नवा ब्रश त्याच दिवशी आला, पण यादीतला तो नव्हे. त्यामुळे सही राहिली, आणि सही राहिली म्हणून बाबा ड्युटीवर राहिले. पुढची आठ वर्षं त्यांनी आईच्या हाताखाली डबे उचलले. क्रम ती सांगायची, रांग ते लावायचे. कोणी म्हटलं की सुभेदार, आता पुरे, तर ते म्हणायचे, "ब्रश सापडला की सुटलो." आई मान खाली घालून हसायची. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

बाबा गेल्या वर्षी गेले. तेरावा झाल्यावर आम्ही त्यांची काळी ट्रंक उघडली. पदकांच्या डब्याखाली त्यांची टोपी होती, आणि टोपीत गुंडाळलेला तो ब्रश. स्वच्छ धुतलेला, केस विंचरल्यासारखे सरळ.

मी रडायला लागले. आई रडली नाही. ती उठून गिरणीतून रजिस्टर घेऊन आली, ब्रशच्या पुढे 'मिळाला' असं लिहिलं आणि खाली सही केली. मग फोटोकडे बघून म्हणाली, "आता करा आराम."